एक गेला, एक आला

सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर केलं, तेव्हा ऑफिसात डबे खाता खाता दोन तट पडले. एक म्हणाला, "त्यांचा देश, त्यांचे नियम." दुसरा म्हणाला, "नुकसान त्यांचंच." मला मात्र चिएन शुएसेन आठवला.

हा कोण? १९३५ मध्ये स्कॉलरशिपवर चीनहून अमेरिकेत आलेला इंजिनिअर. एमआयटीतून मास्टर्स, कॅल्टेकमधून पीएचडी. आज मंगळावर रोव्हर पाठवणारी जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी ज्या मंडळींनी उभी केली, त्यांच्यातला एक. १९४५ मध्ये अमेरिकेने त्याला तात्पुरता कर्नलचा हुद्दा देऊन जर्मनीला पाठवलं, हिटलरच्या रॉकेटवाल्यांकडून माहिती काढायला. त्यांचा म्होरक्या होता वर्नर फॉन ब्राऊन.

१९४९ मध्ये चिएनने अमेरिकन नागरिकत्वासाठी अर्ज केला. १९५० मध्ये तो कम्युनिस्ट असल्याचा आरोप झाला. त्याने तो नाकारला, पण काळच तसा होता. आधी कोठडी, मग पाच वर्षं पाळत. गंमत बघा, इमिग्रेशन खात्याला त्याला हाकलायचं होतं आणि संरक्षण खात्याला जाऊ द्यायचं नव्हतं! शेवटी कोरियन युद्धातल्या अमेरिकन कैद्यांवरून चीनशी बोलणी झाली, त्यात त्याचा विषय निघाला. सप्टेंबर १९५५ मध्ये तो बायकामुलांसह बोटीत बसला.

त्याच १९५५ साली फॉन ब्राऊन अमेरिकेचा नागरिक झाला. नाझी पक्षाचा सदस्य, एसएसचा अधिकारी, ज्याची व्ही-२ रॉकेटं छळछावणीतल्या कैद्यांकडून बनवून घेतली होती, तो! त्याच्यासारख्यांना आणायला 'ऑपरेशन पेपरक्लिप' नावाची खास योजनाच होती. त्याच्या सॅटर्न-५ ने १९६९ मध्ये माणूस चंद्रावर नेला.

आणि चिएन? १९५६ पासून चीनचा क्षेपणास्त्र कार्यक्रम त्याच्या हाताखाली उभा राहिला. १९६० मध्ये पहिलं क्षेपणास्त्र, १९७० मध्ये पहिला उपग्रह. सोव्हिएत मदत होती, आणि चीनने रॉकेटं एरवीही बनवली असती, हे मान्य. पण अमेरिकेत वीस वर्षांत तयार झालेला माणूस आयता मिळाला, त्याचं काय?

म्हणजे 'त्यांचा देश, त्यांचे नियम' हे खरंच आहे. फक्त हिशोब तिथे संपत नाही. आपल्या खात्यातून वजा केलेला माणूस दुसऱ्या कुणाच्या तरी खात्यात जमा होतो. जुलै २०२३ मध्ये कॅनडाने अमेरिकेतल्या एच-१बीवाल्यांसाठी १०,००० अर्जांचा कोटा उघडला. दोन दिवसांत संपला.

रांगेत उभे असलेले सगळे चिएन नसतात. आपण तर नक्कीच नाही! पण व्हिसाच्या खिडकीतून कोण कोण आहे, हे कसं कळणार? १९५० मध्येही कळलं नव्हतं.