चमत्कारिक वाहने आणि कागदाचा एक तुकडा

"मुंबईचे सिंगापूर करायला हवे," हे वाक्य आपल्या गणेशोत्सवात, निदान मोदकांच्या दुसऱ्या फेरीला तरी, कोणीतरी म्हणतेच. म्हणणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा एखादे वाहन असते: चकचकीत मेट्रो, चालकाविना धावणारी गाडी, मोनोरेल. मी पेशाने सॉफ्टवेअरवाला आणि शिक्षणाने इंजिनिअर, तेव्हा यंत्रांचे वेड मलाही आहे. पण रॅफल्स प्लेसच्या आसपास येऊन गेलेल्या वाहनांचा हिशेब मांडला, तर सर्वांत चमत्कारिक कल्पना वाहनाची नव्हतीच असे दिसते. ती होती कागदाचा एक तुकडा!

आज जिथे बँकांचे मनोरे आहेत तिथे एके काळी छोटी टेकडी होती. १८२२ च्या नगररचनेच्या वेळी ती फोडली आणि तिच्या मातीने नदीकाठची दलदल बुजवली. मोकळ्या झालेल्या जागेवर कमर्शियल स्क्वेअर हा व्यापारी चौक उभा राहिला. १८५८ मध्ये त्याचे रॅफल्स प्लेस झाले.

१८८० मध्ये शांघायहून हातरिक्षा आल्या आणि १८८६ मध्ये वाफेवरची ट्राम. आता वाफ जिंकेल असेच कोणालाही वाटावे. पण रिक्षा स्वस्त आणि थेट दारापर्यंत नेणारी. १८९४ मध्ये ट्रामनेच गाशा गुंडाळला. माणसाने यंत्राला हरवल्याची ही गोष्ट ऐकायला गमतीची आहे, पण त्या विजयाची किंमत ओढणाऱ्याच्या छातीने आणि पायांनी चुकवली. हातरिक्षांवर बंदी यायला १९४७ साल उजाडले.

१९०५ मध्ये विजेची ट्राम आली. तिला छळले ते डासांनी! फोर्डच्या मोटारीच्या सांगाड्यावर बांधलेल्या सात आसनी खासगी गाड्यांना इथे 'मॉस्किटो बस' म्हणत. हात केला की थांबायचे, फट दिसली की घुसायचे. आपल्याकडच्या वडापची ही थोरली बहीणच म्हणा ना. १९२७ मध्ये ट्राम बंद झाली आणि तिची जागा तारांखाली रबरी चाकांवर धावणाऱ्या ट्रॉलीबसने घेतली. तीही १९६२ मध्ये संपली. गंमत अशी, की त्याच १९६२ मध्ये मुंबईत बेस्टने ट्रॉलीबस सुरू केली! ती १९७१ पर्यंत चालली. मुंबईची ट्राम १८७४ मध्ये घोड्यांनी ओढायला सुरुवात झाली, १९०७ मध्ये तिला वीज मिळाली आणि १९६४ मध्ये तिनेही निरोप घेतला.

यानंतर राज्य आले खासगी मोटारींचे. १९६० च्या दशकात रॅफल्स प्लेसच्या चौकाखाली भुयारी वाहनतळ बांधला आणि वर बाग केली. जागा अपुरी पडते तर जमिनीखाली जा, हे उत्तर सरळ होते. पण प्रत्येक नवा वाहनतळ आणखी मोटारींना आवतण देतो, आणि त्यांना यायला रस्ता तोच.

म्हणून २ जून १९७५ रोजी सिंगापूरने रस्त्याच्या जागेलाच किंमत लावली. शहराच्या मध्यभागाभोवती सीमा आखली. सकाळी ७.३० ते ९.३० या वेळेत तिच्या आत मोटार न्यायची तर काचेवर परवान्याचा कागद हवा: दिवसाला ३ डॉलर, महिन्याला ६०. प्रवेशाच्या ठिकाणी उभे राहून पहारेकरी नुसत्या डोळ्यांनी कागद तपासत. ना संगणक, ना यंत्र. तरीही त्या वेळेतली वाहतूक ४० टक्क्यांहून अधिक घटली.

माणसांनी पळवाटा काढल्या हे ओघानेच आले. साडेनऊ वाजून गेले की मोटारी आत घुसू लागल्या, म्हणून दोन महिन्यांत वेळ १०.१५ पर्यंत वाढवली. चालकासह चौघे असले तर मोटारीला शुल्क माफ होते. मग काही मोटारवाले बसथांब्यावरच्या अनोळखी माणसांना उचलू लागले. १९८९ मध्ये ही सवलत रद्द झाली. सीमेबाहेर मोटार लावून खास बसने आत यावे, ही योजना तर लोकांनी जवळजवळ नाकारलीच. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचे तर नियम लिहिला, वापरणाऱ्याने त्यातले भोक शोधले, पुढच्या आवृत्तीत ते बुजवले. १९९८ मध्ये कागद जाऊन कमानी आल्या आणि गाडीतल्या यंत्रातून पैसे आपोआप कापले जाऊ लागले. अर्थतज्ज्ञ विल्यम विक्री यांनी असा विचार १९५० च्या दशकातच मांडला होता. त्यांना १९९६ मध्ये नोबेल जाहीर झाले आणि तीनच दिवसांत ते वारले.

नुसते शुल्क पुरेसे नव्हते. मोटार सोडणाऱ्याने जायचे कशाने? यावर इथे मोठा वाद झाला. १९८० मध्ये हार्वर्डच्या तज्ज्ञांनी सर्व भर बसवरच द्यावा असे सुचवले, पण १९८२ मध्ये सरकारने रेल्वेचा निर्णय घेतला. १२ डिसेंबर १९८७ रोजी रॅफल्स प्लेस स्थानक उघडले. जिथे मोटारी उभ्या राहत, तिथे गाड्या धावू लागल्या. इथे आणि शेजारच्या सिटी हॉलला दोन्ही मार्गांचे फलाट असे जोडले आहेत, की दिशेनुसार यांपैकी एका स्थानकात फलाटाच्या पलीकडच्या कडेला गेले की झाले. जिना चढायला नको. लाखो माणसांची रोजची दोन-चार मिनिटे वाचवणारी ही रचना कोणत्याही विचित्र वाहनापेक्षा मला जास्त थोर वाटते.

आपल्याकडे कल्पनांची वाण नाही. कोकण रेल्वेची लटकती 'स्कायबस' मडगावला चाचणीपर्यंत पोचली. सप्टेंबर २००४ मध्ये अपघातात एका कर्मचाऱ्याचा जीव गेला आणि पुढे सगळा सांगाडाच उतरवावा लागला. मुंबईची मोनोरेल २०१४ मध्ये सुरू झाली, पण तिला पुरेसे प्रवासी कधी मिळाले नाहीत.

तेव्हा मुंबईचे सिंगापूर करायचेच असेल, तर नव्या वाहनाआधी एक अप्रिय प्रश्न विचारावा लागेल: रस्त्याची जागा कोणाची? बसमधल्या पन्नास जणांची, की मोटारीतल्या एकाची? सिंगापूरने आधी मोटारवाल्याला पैसे मागितले, आणि मग त्याला बसायला चांगली गाडी दिली. मोदक खाता खाता मुंबईची चर्चा करणारे आपण बहुतेक सगळे तिथल्या घरी मोटार बाळगून आहोत. ते ३ डॉलर द्यायची आपली तयारी आहे का?