दोन काचांमधली हवा

बर्लिनमधल्या जुन्या इमारतींच्या खिडक्या दुहेरी असतात. एकाच खोल लाकडी चौकटीत बाहेर झडपांची एक जोडी आणि चार-पाच इंच आत दुसरी. जर्मन नाव ‘कास्टनफेन्स्टर’, म्हणजे पेटीची खिडकी. मी अशाच खिडक्यांच्या घरात भाड्याने राहतो. त्या काढून प्लास्टिकच्या बसवायचा मालकाचा विचार आहे, म्हणून मी त्यांचा इतिहास शोधायला लागलो.

पूर्वी हिवाळ्यात बाहेरून जादा खिडकी अडकवत आणि थंडी सरली की उतरवून ठेवत. पेटीच्या खिडकीत ती चौकटीतच कायमची आली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बर्लिन आणि व्हिएन्ना झपाट्याने वाढत होती, तेव्हा भाड्याच्या इमारतींत ती सर्रास बसली. ऊब राखण्याचं खरं काम काच करत नाही, मधली स्थिर हवा करते.

ही हवा दोन काचांत सीलबंद करण्याचं अमेरिकी पेटंट थॉमस स्टेटसनने १८६५ सालीच घेतलं होतं. अशा काचा घरोघरी पोचायला मात्र विसावं शतक उजाडलं. १९७३ मध्ये तेल भडकलं, १९७७ मध्ये पश्चिम जर्मनीने इमारतींतली उष्णता वाचवण्याचे नियम केले आणि जुन्या खिडक्या भराभर निघाल्या.

नवी सीलबंद काच ऊब जास्त राखते, हे खरंच. पण तिच्या कडेचं सील जुनं झालं की आत ओल शिरते. ते धुकं कुठल्याच फडक्याने पुसता येत नाही. अख्खी जोडकाच बदलावी लागते. पेटीची खिडकी उघडते, म्हणून दुरुस्त होते. काच तडकली तर लांबी खरवडून नवी बसवायची. लांबी म्हणजे खडूची पूड आणि जवसाचं तेल. झडपेची खालची पट्टी कुजली तर तेवढाच भाग कापून नवं लाकूड जोडायचं. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून तो कोरडा घासायचा नाही. नवा रंग काचेवर किंचित चढवायचा, म्हणजे लांबीच्या कडेने पाणी शिरत नाही. रबराची पट्टी फक्त आतल्या झडपांना. बाहेरच्याही घट्ट केल्या, तर घरातली वाफ मध्ये अडकते आणि लाकूड कुजतं.

जर्मन कायद्यात दुरुस्तीचा खर्च मालकाचा. तेच काम ‘आधुनिकीकरण’ ठरलं, तर खर्चाच्या ८ टक्क्यांपर्यंत रक्कम वार्षिक भाड्यात वाढवता येते. शंभरी गाठलेलं लाकूड कचऱ्यात का जातं, त्याचं अर्धं उत्तर इथे आहे.

मी मालकाला लिहिलंय : आधी एकदा सुताराला दाखवा.