कीर्द, खतावणी आणि शेवटची चादर

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रमागाच्या एखाद्या शेडमध्ये शिरलो की बोलणे संपते. आवाजच इतका असतो की फक्त बघत राहायचे. मागाच्या डोक्यावर जकार्डची चौकट असते. जुन्या पद्धतीच्या मागावर तिच्यातून भोके पाडलेल्या जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची लांबलचक माळ टप्प्याटप्प्याने फिरते. पट्टीवर जिथे भोक असेल तिथला आकडा वर उचलला जातो आणि त्याच्याबरोबर ताण्याचा उभा धागाही. भोक नसेल तिथला धागा खालीच राहतो. आडवा धागा मधून निघून जातो, पुढची पट्टी समोर येते. अशा शेकडो पट्ट्या फिरल्या की चादरीवर मोर उमटतो. हल्ली इलेक्ट्रॉनिक जकार्डही आले आहेत, पण विद्यार्थ्यांना दाखवायला पुठ्ठ्याचाच माग चांगला. त्यात सगळे डोळ्यांना दिसते.

लिऑन शहरातल्या जोसेफ मारी जकार्डने ही रचना १८०४ च्या सुमारास सिद्ध केली. त्याच्या आधी बूशों आणि फाल्कन यांनी १७२० च्या दशकात भोकांच्या कागदाचे प्रयोग केले होतेच. चार्ल्स बॅबेजने आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी हीच पट्टी उचलली आणि १८९० च्या अमेरिकी जनगणनेत हर्मन हॉलरिथने माणसांची माहिती भोकांच्या कार्डांवर घेऊन ती यंत्राने मोजली. त्यानंतर निदान सत्तर वर्षे कचेऱ्यांतल्या माहितीचा साठा म्हणजे कार्डांचे गठ्ठे असत. येथवरची गोष्ट संगणकाच्या पुस्तकांत असते. आम्हाला आज पुढची सांगायची आहे. सोलापुरी चादरीला २००५-०६ मध्ये भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी मिळाली आणि आता ती चादर इंटरनेटवरच्या दुकानांतूनही विकली जाते. त्या दुकानाच्या पडद्यामागे काय असावे लागते, आणि ते कोणी, कोणत्या अडचणीतून शोधले?

समजा, एका चादरविक्रेत्याच्या मुलीने बारावीनंतरच्या सुट्टीत दुकानाचे संकेतस्थळ तयार केले. चादरींची चित्रे, किमती, 'खरेदी करा' असे बटण. पहिल्या दिवशी नऊ मागण्या आल्या. दुपारी वीज गेली, संगणक बंद पडला, आणि सुरू झाला तेव्हा नऊच्या नऊ मागण्या नाहीशा! तिच्या आज्ञावलीने मागण्या संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत ठेवल्या होत्या, आणि ही स्मृती विजेबरोबर जाते. मुलीच्या आजोबांनी विचारले असते, "कीर्द लिहिली नव्हती का?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. आपल्याकडच्या पेढीवर दोन वह्या असत. दिवसभरात जे घडले ते घडले त्याच क्रमाने कीर्दीत लिहायचे. मग सवडीने ते खतावणीत, ज्याच्या त्याच्या खात्यावर उतरवायचे. खतावणी पाण्यात भिजली तरी कीर्दीवरून पुन्हा मांडता येते. आजचे डेटाबेस नेमके हेच करतात. बदल करण्याआधी त्याची नोंद एका रोजनोंदीत कायम केली जाते, मग मूळ तक्त्यात बदल होतो. मध्येच वीज गेली, तर संगणक जागा झाल्यावर रोजनोंद वाचून उरलेले काम पुरे करतो किंवा अर्धवट काम पुसून टाकतो. आधी कीर्द, मागून खतावणी. कार्डांचा गठ्ठा विजेने पुसला जात नसे. चुंबकीय तबकड्या आल्यावर मात्र या शिस्तीची गरज नव्याने भासली.

दुसरी अडचण मांडणीची. १९६० च्या दशकातले डेटाबेस एखाद्या जुन्या गोदामासारखे होते. माहिती कोणत्या वाटेने ठेवली आहे हे आज्ञावली लिहिणाऱ्याला ठाऊक असावे लागे, आणि गोदामाची मांडणी बदलली की सगळ्या आज्ञावल्या पुन्हा लिहाव्या लागत. आयबीएम कंपनीतल्या एडगर कॉड या गणितज्ञाने १९७० मध्ये एक निबंध प्रसिद्ध करून यावर उपाय सुचवला: सगळी माहिती साध्या तक्त्यांत ठेवा. ग्राहकांचा एक तक्ता, मालाचा दुसरा, मागण्यांचा तिसरा. मागणीच्या ओळीत ग्राहकाचा आणि मालाचा केवळ क्रमांक. मग 'गेल्या महिन्यात नागपूरला किती चादरी गेल्या' एवढेच विचारायचे. शोधायचे कसे ते यंत्राने ठरवायचे. प्रत्येक मागणीसमोर ग्राहकाचा पूर्ण पत्ता लिहिला, तर तो माणूस घर बदलल्यावर आठ ठिकाणी दुरुस्ती करावी लागते आणि सातच ठिकाणी होते. शाळेचा हजेरीपट आणि सर्वसाधारण नोंदवही यांत एकाच मुलाचे नाव दोन प्रकारे लिहिलेले ज्यांनी पाहिले आहे, त्या शिक्षकांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

आता खात्याकडे वळू. आपल्या भाषेत वाण्याकडचे खाते, बँकेतले खाते आणि संकेतस्थळावरचे 'माझे खाते' यांना एकच शब्द आहे, आणि तो योग्यच आहे. फरक इतकाच की वाणी चेहरा ओळखतो. यंत्राने ओळखायचे कसे?

हा प्रश्न दुकानात नव्हे, विद्यापीठात निर्माण झाला. अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेत फर्नांडो कोर्बाटो यांच्या गटाने १९६१ मध्ये एकच संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरण्याची व्यवस्था दाखवली. प्रत्येकाचे काम वेगळे राहावे म्हणून प्रत्येकाला परवलीचा शब्द दिला. पुढच्याच वर्षी तो फुटला. ॲलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याला चारच तास मिळत आणि ते पुरत नसत. कोणतीही फाइल छापून हवी असेल, तर तिचे नाव भोकांच्या कार्डावर टोचून द्यायचे अशी सोय तिथे होती. शेरने सर्वांच्या परवलीच्या शब्दांच्या फाइलचे नाव टोचले आणि दुसऱ्या दिवशी यादी घेऊन आला! ही कबुली त्याने कित्येक वर्षांनी स्वतःच दिली. जकार्डची पट्टी इथेही भेटते ती अशी.

चूक शेरची होती हे खरे, पण मोठी चूक यादी जशीच्या तशी लिहून ठेवण्यात होती. केंब्रिजमध्ये रॉजर नीडहॅम यांनी १९६० च्या दशकातच मार्ग दाखवला: परवलीचा शब्द साठवायचाच नाही, त्याच्यावर उलट न फिरणारी क्रिया करून आलेले उत्तर तेवढे साठवायचे. वर्गात हे करून बघता येईल. १२३४ चा वर्ग १५२२७५६. डावीकडे शून्य लावून आठ अंक करा आणि मधले चार घ्या: ५२२७. वहीत ५२२७ एवढेच लिहा. पुन्हा कोणी १२३४ सांगितले की तीच क्रिया करून ताडून पाहा. पण ५२२७ वरून १२३४ कडे जायला सरळ वाट नाही. एकेक संख्या घेऊन पाहावी लागते. (संगणकाला दहा हजार संख्या तपासायला क्षणही लागत नाही, म्हणून खऱ्या क्रिया मुद्दाम किचकट आणि संथ ठेवतात.) रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९ मध्ये या क्रियेत प्रत्येक खात्यासाठी वेगळी चिमूटभर यादृच्छिक भर घातली. तिला नाव दिले 'मीठ'. दोघांनी एकच शब्द निवडला तरी साठवलेली उत्तरे वेगळी येतात. त्यांनी तपासलेल्या ३२८९ शब्दांपैकी सुमारे ८६ टक्के सहज ओळखता येण्याजोगे निघाले. कुणी एकच अक्षर वापरले होते, कुणी शब्दकोशातला शब्द. माणसांच्या या सवयीमुळेच केवळ परवलीच्या शब्दावर विसंबणे धोक्याचे ठरते. रिझर्व्ह बँकेने २००९ मध्ये इंटरनेटवरच्या कार्डव्यवहारांसाठी ओळखीचा दुसरा पुरावा सक्तीचा केला.

चाचणीला आमचे वर्गमित्र नेहमी शेवटचे स्थान देत, परीक्षेच्या आदल्या रात्रीच्या अभ्यासासारखे. कापड धंद्यात असे चालत नाही. घडी घालण्याआधी चादर उजेडात पसरून तुटलेला धागा शोधतात. आज्ञावलीतला तुटका धागा कसा असतो? ॲमेझॉनचे दुकान १९९५ मध्ये उघडले. तेव्हाच्या आज्ञावलीत पुस्तकांची संख्या ऋणही भरता येत असे आणि मग पैसे उलट ग्राहकाच्याच कार्डावर जमा होत, असे संस्थापक जेफ बेझॉस यांनीच सांगितले आहे. 'उणे दोन चादरी द्या' असे गल्ल्यावर कोणी म्हणत नाही, म्हणून ते कोणाच्या डोक्यात आले नाही. यंत्राला मात्र उणे दोन ही एक संख्याच.

चाचणी खऱ्या परिस्थितीची हवी, हे ४ जून १९९६ रोजी आरिआन-५ या अग्निबाणाने फार महाग शिकवले. आरिआन-४ साठी लिहिलेला आज्ञावलीचा भाग नव्या अग्निबाणात तसाच ठेवला होता. नव्याचा वेग जास्त. एक संख्या तिच्यासाठी राखलेल्या सोळा अंशांच्या जागेत मावली नाही आणि उड्डाणानंतर मिनिटाच्या आत अग्निबाण नष्ट झाला. त्या भागाची चाचणी नव्या उड्डाणमार्गाच्या आकड्यांवर घेतलीच नव्हती. आता आज्ञावली तपासणारी दुसरी छोटी आज्ञावली लिहून ठेवतात: शून्य चादरी मागून पाहा, उणे एक माग, साठ्यात एक असताना दोन माग. मूळ आज्ञावलीत काही बदलले की या सगळ्या तपासण्या आपोआप पुन्हा चालतात. तरीही डच संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांचा इशारा उरतोच: चाचणीने चूक आहे हे कळते, चूक नाही हे सिद्ध होत नाही.

विशेषतः एक चूक चाचणीला सहसा सापडत नाही, कारण ती क्वचित घडते. साठ्यात एकच चादर आहे. नागपूरच्या ग्राहकाला पडद्यावर 'एक शिल्लक' दिसते, त्याच क्षणी पुण्याच्या ग्राहकालाही. दोघेही बटण दाबतात, दोघांचेही पैसे जमा होतात. चादर एक आणि शब्द दोघांना दिलेला! सोलापूरच्या नावावर विकणाऱ्या दुकानाची पत अशाच गोष्टीने जाते.

हा प्रश्न आपल्या देशात चादरींच्या आधी रेल्वेच्या शायिकांनी सोडवून घेतला. पूर्वी गाडीचे आरक्षण जाडजूड नोंदवहीत होई. ती वही एका वेळी एकाच लिपिकाच्या हातात असे, त्यामुळे एकच शायिका दोघांना जाण्याची भीती कमी; पण रांग संपत नसे. संगणकीय आरक्षण १९८५ मध्ये दिल्लीत सुरू झाले, २००२ मध्ये इंटरनेटवर तिकिटे मिळू लागली. आता एकाच गाडीवर असंख्य माणसे एकाच क्षणी तुटून पडतात, तरीही शायिका एकालाच मिळाली पाहिजे. यामागचे तत्त्व जिम ग्रे यांनी १९७० च्या दशकात आयबीएममध्ये काम करताना घडवले. पाहणे, कमी करणे आणि लिहिणे हा एकच अखंड व्यवहार धरायचा; तो पुरा होईल किंवा मुळीच होणार नाही, आणि तो चालू असताना त्या ओळीला दुसऱ्याने हात लावायचा नाही.

हेही वर्गात करून पाहावे. फळ्यावर 'शिल्लक १' लिहा. दोन मुलांना विक्रेते करा. दोघांनी फळा पाहायचा, आपल्या ग्राहकाकडे परत जाऊन पैसे घ्यायचे, मग फळ्यावर आकडा बदलायचा. पहिल्याच फेरीत एक चादर दोनदा विकली जाते. दुसऱ्या फेरीत नियम घाला: ज्याच्या हातात खडू, त्यानेच फळा पाहायचा आणि व्यवहार पुरा झाल्यावरच खडू ठेवायचा. आता चूक होत नाही. तिसऱ्या फेरीत एका विक्रेत्याच्या कानात सांगा, खडू खिशात घालून पाणी प्यायला जा. सगळे दुकान थांबते. मुलांना उपाय विचारा. थोड्या वेळाने कोणीतरी म्हणतेच की ठरलेल्या वेळात परत आला नाही तर खडू दुसऱ्याला द्यायचा. मग त्यांना सांगावे की अनेक संकेतस्थळांवर पैसे भरताना पडद्याच्या कोपऱ्यात उलटे मोजणारे घड्याळ दिसते, ते हेच.