तळटीप : ‘द साइन ऑफ द बीव्हर’

१. एलिझाबेथ जॉर्ज स्पिअर यांची कुमार-कादंबरी, १९८३. कथा घडते १७६८ साली, आजच्या अमेरिकेतील मेन राज्याच्या जंगलात. तेव्हा हा मुलूख मॅसॅच्युसेट्स या ब्रिटिश वसाहतीत मोडत असे. मेन वेगळे राज्य झाले ते १८२० मध्ये.

आई आणि बहिणीला आणायला वडील क्विन्सी गावी जातात. तेरा वर्षांचाही नसलेला मॅट लाकडी ओंडक्यांच्या घरात एकटा मागे राहतो. दिवस मोजायला काठीवर रोज एक खाच. त्याची बंदूक चोरीला जाते, अन्न अस्वल फस्त करते, आणि मधाच्या लोभाने पोळ्याला हात घातल्यावर तो जिवावरच्या दुखण्यात सापडतो. त्याला वाचवतात पेनॉब्स्कॉट जमातीचे मूलनिवासी वृद्ध साक्निस आणि त्यांचा नातू अटीन.

मग देवाणघेवाण सुरू होते. मॅट अटीनला ‘रॉबिन्सन क्रूसो’तून वाचायला शिकवतो, अटीन त्याला झाडाच्या मुळीचा फास लावायला शिकवतो, कारण लोखंडी सापळा अटीनला क्रूर वाटतो. त्या पुस्तकात क्रूसोपुढे गुडघे टेकणारा फ्रायडे येतो तेव्हा अटीन संतापतो. कादंबरीचा खरा गाभा हाच प्रसंग आहे, कारण त्यानंतर मॅट स्वतःचेच पुस्तक अटीनच्या नजरेने वाचू लागतो.

पुस्तकाला १९८४चा स्कॉट ओडेल पुरस्कार मिळाला. मात्र मूलनिवासींच्या तोंडची मोडकी इंग्रजी आणि त्यांचे मुकाट्याने उत्तरेकडे निघून जाणे यांवर रास्त टीका झाली आहे. पेनॉब्स्कॉट लोक नाहीसे झालेले नाहीत; त्यांची वस्ती आजही पेनॉब्स्कॉट नदीतील बेटावर आहे. मुलांना ही कादंबरी देताना एवढे जरूर सांगावे.