कुडाची भिंत आणि दगडाची भिंत

मराठवाड्यातील वास्तूंचा इतिहास लिहिताना अभ्यासकांची दृष्टी कंधार व औसा येथील किल्ल्यांवर आणि गावोगावच्या गढ्यांवर जाते, व बहुधा तेथेच थांबते. शेतकऱ्याने आणि त्याच्या घरच्या स्त्रियांनी गवंड्यावाचून उभी केलेली कुडाची भिंत या इतिहासात सहसा येत नाही. लातूर जिल्ह्यात १९९३ साली जे घडले ते पाहता ही उपेक्षा क्षम्य वाटत नाही.

कुडाची कृती साधी आहे. मेढी रोवून त्यांना आडव्या काठ्या बांधावयाच्या, त्यांवर तुराट्या किंवा पऱ्हाट्या दाटीने आवळावयाच्या आणि दोन्ही अंगांनी माती, शेण व भुसा यांचा तुडविलेला चिखल लिंपावयाचा. किनवटच्या जंगलभागात तुराट्यांऐवजी बांबू येतो. पहिला लेप वाळला की भेगा पडतात. दुसऱ्या पातळ लेपाने त्या बुजवावयाच्या व शेवटी पांढऱ्या मातीने भिंत पोतारावयाची. शेतातील काळी माती या कामी चालत नाही, कारण ती ओलीने फुगते व वाळताना फाटते. म्हणून माती गावठाणाच्या पांढरीतून आणीत. महसुलाच्या इतिहासात ‘काळी’ आणि ‘पांढरी’ या जोडीची चर्चा पुष्कळ झाली आहे. लिंपणाऱ्या हातांना तिचा आणखी एक अर्थ ठाऊक होता. अमेरिकेत ऑगस्टीन सॅकेट याने १८९४ मध्ये जिप्समच्या पाट्यांचे पेटंट घेतले व पुढे चौकटीवर पाट्या ठोकून सांधे बुजविण्याचे काम तेथील गृहस्थ स्वतः करू लागले. हलकी चौकट, आवरण, सांधे आणि लेप हा त्या कामाचा क्रम कुडाहून मूलतः निराळा नाही.

परंतु कूड हे दारिद्र्याचे लक्षण मानले गेले. थोडी सुबत्ता आली की दगडी भिंत व माळवद हवे. उन्हाळ्यात थंडावा आणि चोरांपासून निर्धास्तपणा हे तिचे खरे गुण होते, हे मान्य केले पाहिजे. मात्र ही जाड भिंत वस्तुतः दोन भिंतींची असे: आत व बाहेर दगडांचे एकेक अंग, मध्ये चिपा व मातीची भर. दोन्ही अंगांना बांधून धरणारे आरपार दगड पुष्कळ घरांत नव्हतेच. माळवदावर वर्षानुवर्षे माती पडून भार वाढत जाई. घरच्या स्त्रियांच्या वाट्याला या भिंतीचे केवळ पोतारणे उरले. कुडाच्या अंतरंगात काय आहे हे लिंपणारीला माहीत असे, कारण तुराट्या तिच्या डोळ्यांदेखत बांधलेल्या असत. दगडी भिंतीचे पोट मात्र गवंड्यालाच ठाऊक, आणि सुबक गिलावा ते झाकून टाकी.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला. गणेशविसर्जन आटोपून गावे झोपली होती. सरकारी आकड्याप्रमाणे सुमारे ८,००० माणसे मेली. इतर अंदाज १०,००० पर्यंत जातात. भूकंपाच्या नकाशात हा प्रदेश तेव्हा सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता; २००२ च्या सुधारणेत तो तिसऱ्या विभागात गेला. भिंतींची अंगे फुगून कोसळली आणि माणसे दगडमातीखाली गाडली गेली. जेथे माळवदाचा भार लाकडी खांबांवर होता तेथे अनेक ठिकाणी भिंती पडूनही खण उभे राहिले. हलक्या कुडाच्या झोपड्यांची हानी त्या मानाने थोडी झाली. ज्या घराने प्रतिष्ठा मिळविली तेच घर अधिक घातक ठरले, असे म्हणणे भाग पडते.

पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी हलविण्यात आली. त्यांहून कितीतरी अधिक गावांत घरांची दुरुस्ती व बळकटी मालकांवर सोपविण्यात आली. साहित्याची खरेदी, गवंड्याची निवड आणि कामावरील देखरेख त्यांनी करावयाची होती. स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने गावोगावच्या स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून या कामात आणले. आरपार दगड कशासाठी, हा प्रश्न त्यामुळे ओसरीवर आला. भारतीय मानक संस्थेच्या १९९३ च्याच मार्गदर्शिकेत असे दगड उंचीत दर ६० सेंटिमीटरला व लांबीत १.२ मीटरहून अधिक अंतर न ठेवता घालावेत, असे सांगितले आहे. जुन्या भिंतीत ते बसवावयाचे तर प्रथम गिलावा खरवडून भिंतीत भोक पाडावे लागते, आणि पिढ्यान्‌पिढ्या पोतारलेल्या भिंतीचे पोट घरच्या माणसांना तेव्हाच पाहावयास मिळते.