चिकूचा चीक आणि औषधाची मात्रा

डहाणू स्टेशनावर उतरून घोलवड-बोर्डीचा रस्ता धरला म्हणजे खारी हवा आणि चिकूच्या वाड्या यांची सोबत सहसा सुटत नाहीं. आपल्या देशांत चिकूची लागवड प्रथम घोलवड येथें १८९८ सालीं झाली असें सांगतात. २०१६ सालीं ‘डहाणू घोलवड चिकू’ या नांवास भौगोलिक मानांकनही मिळालें. या फळाची गोडी आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. परंतु अर्धकच्चा चिकू उतावीळपणें खाल्ला असतां ओठ एकमेकांस चिकटतात, हा बालपणींचा अनुभवही पुष्कळांच्या स्मरणांत असेल. ओठांस चिकटणाऱ्या त्या पांढऱ्या चिकाचें वैद्यकाच्या इतिहासाशीं कांहीं नातें आहे असें आम्हीं म्हटलें तर तें प्रथमदर्शनीं चमत्कारिक वाटेल. पण तें नातें खरें आहे, आणि त्याचा शेवट पुन्हां डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरच येऊन पोहोंचतो.

चिकूचें झाड मूळचें इकडचें नव्हे. मेक्सिकोचा दक्षिणभाग व मध्य अमेरिका ही त्याची जन्मभूमि. तेथील माया लोकांनीं आपल्या देवळांच्या दारांवर याच लाकडाच्या तुळया घातल्या, आणि ग्वाटेमालांतील टिकाल येथें त्यांपैकीं कांहीं हजारांहून अधिक वर्षें टिकल्या. आपण फळ खातों व चीक धुऊन टाकितों; तिकडे चिकासाठींच माणसें पावसाळ्यांत अरण्यांत शिरत, खोडावर नागमोडी खाचा पाडीत आणि गळलेला चीक कढवून त्याच्या वड्या करीत. एकदां खाचलेल्या झाडास पुढें कित्येक वर्षें विश्रांति द्यावी लागे.

मेक्सिकोचा पदच्युत अध्यक्ष सांता आना हा १८६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कजवळ परागंदा होऊन राहिला असतां, या चिकापासून रबर करतां येईल अशी कल्पना त्यानें टॉमस ॲडम्स नांवाच्या गृहस्थाच्या डोक्यांत भरविली. रबर कांहीं झालें नाहीं. पण ॲडम्सनें त्याच चिकाच्या चघळावयाच्या गोळ्या केल्या व १८७१ सालीं त्याचें पेटंट घेतलें. पुढें ओहायो प्रांतांतील बीमन नांवाच्या डॉक्टरानें या चघळगोंदांत पेप्सिन हें पाचक द्रव्य मिसळलें. तेव्हां चिकूचा चीक हा औषधाचा वाहक झाला, तो असा जवळजवळ अपघातानेंच.

चीक, रबर, डिंक, कापूस हीं सारीं एकाच कुळांतलीं आहेत. रसायनशास्त्रांत त्यांस पॉलिमर व मराठींत बहुवारिक म्हणतात. लहान लहान रेणु माळेंतील मण्यांप्रमाणें एकास एक जोडले जाऊन त्यांचा लांबच लांब रेणु बनतो. अशा असंख्य माळांचा गुंता झाला कीं त्याच्या फटींत औषध अडकून राहतें आणि हळूहळू बाहेर येतें. आपल्याकडेही डिंकाच्या पाण्यांत औषधी चूर्ण वळण्याची रीत आहे. पण तेथें डिंकाचें काम गोळी बांधून ठेवण्याचें. तो किती वेगानें सुटावा, याचा हिशेब मांडण्याचें शास्त्र मात्र विसाव्या शतकांतलें.

त्या हिशेबाची गरज कां पडली, हें पाहण्यासारखें आहे. साधी गोळी पोटांत गेली म्हणजे रक्तांतील औषधाचें प्रमाण झपाट्यानें चढतें व तितक्याच सहज उतरतें. फार चढलें तर अपाय, फार उतरलें तर निरुपयोग. म्हणून दिवसांतून तीन तीन वेळां गोळ्या घेण्याचा जाच. १९५२ सालीं अमेरिकेंत निरनिराळ्या जाडीचा लेप दिलेले बारीक मणी एकाच कुपींत भरून औषध दहाबारा तास पुरविण्याची युक्ति निघाली. १९६७ नंतर स्वीडनमध्यें ओवे फेर्नो यानें चघळगोंदाचीच जुनी वाट नव्या हिशेबानें धरली. पाणबुडीवर धूम्रपान बंद असल्यानें खलाशी तंबाखू चघळून वेळ मारून नेतात, ही हकीकत त्याच्या कानीं आली होती. त्यानें निकोटीन हें कृत्रिम राळेच्या कणांस असें बांधलें कीं लाळेंतील क्षार भेटल्यावरच तें सुटावें. हा गोंद १९७८ सालीं स्वित्झर्लंडमध्यें मान्य झाला, व धूम्रपानाच्या व्यसनावर तोच उतारा ठरला.

परंतु या शास्त्राला खरें वळण दिलें तें जूडा फोकमन या शस्त्रवैद्यानें. अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेंत काम करीत असतां त्याच्या व डेव्हिड लाँग याच्या ध्यानांत आलें कीं, सिलिकोन रबराच्या भिंतींतून कांहीं द्रव्यें झिरपून बाहेर पडतात. दुसऱ्या एखाद्यानें ती नळींतील गळती म्हणून टाकून दिली असती. या दोघांनीं विचार केला कीं, हीच गळती मोजून मापून घडविली, तर शरीरांत ठेवलेली एक लहान नळी महिनेच्या महिने औषध देत राहील. हा त्यांचा निबंध १९६४ सालीं प्रसिद्ध झाला. १९६८ सालीं उरुग्वेंत जन्मलेल्या आलेहांद्रो झाफारोनी यानें केवळ याच विषयासाठीं कॅलिफोर्नियांत एक कंपनी काढली, आणि १९७४ सालीं पापणीखालीं ठेवावयाची, आठवडाभर औषध पाझरणारी चकती काचबिंदूच्या रोग्यांस मिळूं लागली. १९७६ सालीं रॉबर्ट लँगर व फोकमन यांनीं प्रथिनांसारखे मोठे रेणुही बहुवारिकांतून सावकाश सोडतां येतात असें दाखवून दिलें.

मग प्रश्न आला तो रिकाम्या नळीचा. औषध संपल्यावर ती काढावयाची कोणीं? त्याचें उत्तर एका अर्थीं आपल्या दह्यांतच होतें. दह्याला आंबटपणा देणारें जें लॅक्टिक आम्ल, त्याच्या माळा केल्या तर त्या शरीरांत विरघळून पुन्हां निरुपद्रवी द्रव्यें होतात. याच जातीच्या द्रव्यांचे आपोआप विरघळणारे टांके १९७० च्या सुमारास शस्त्रवैद्यांच्या हातीं आले. पुढें त्यांचेच सूक्ष्म कण करून, महिन्यांतून एकदां टोंचावयाचें औषध १९८९ सालीं पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगासाठीं निघालें. १९९६ सालीं मेंदूंतील गांठ काढल्यावर त्याच पोकळींत औषधी चकत्या ठेवण्यास मान्यता मिळाली. औषध सावकाश सोडावें याबरोबरच तें नेमकें रोगाच्या जागीं सोडावें, हा दुसरा हेतूही अशा रीतीनें साधूं लागला. या बहुवारिकांवर आपल्याकडेही, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत, काम झालेलें आहे.

आतां पुन्हां चिकूच्या वाड्यांकडे, आणि त्यांच्या पलीकडच्या डोंगरपाड्यांकडे वळूं. क्षयाचा रोगी झाला तर त्यानें निदान सहा महिने औषध रोज घ्यावयाचें; आदिवासी समाजांत आढळणाऱ्या सिकलसेल रोगावरील हायड्रॉक्सियुरिया हें औषधही रोजचेंच. पाड्यावरून दवाखान्यापर्यंतची चाल आणि बुडालेली एका दिवसाची मजुरी यांचा हिशेब ज्यास करावा लागतो, त्याच्या हातून मात्रा चुकते ती आळसामुळें चुकते असें म्हणणें अन्यायाचें होईल. महिन्याची मात्रा एका वेळीं देतां आली तर तिचा खरा उपयोग मुंबईपेक्षां तलासरीसच अधिक. या दोन रोगांवरील अशीं बहुवारिक औषधें अद्याप रोग्यांच्या हातीं आलेलीं नाहींत, ही खेदाची गोष्ट आहे.

येथें मात्र इतिहास आपणांस एक इशारा देतो, आणि तो ऐकल्याखेरीज हा लेख पुरा होणार नाहीं. सिलिकोनच्या सहा नळ्या स्त्रीच्या दंडांत बसवून पांच वर्षें गर्भधारणा टाळणारें नॉरप्लांट हें साधन १९८३ सालीं फिनलंडमध्यें मान्य झालें. सोय मोठी; पण गोळी नको झाली तर ती उद्यां न घेणें स्त्रीच्या हातीं असतें, नळी काढावयाची तर डॉक्टराच्या दारीं जावें लागतें. आपल्याकडे नेट-एन या दीर्घकाळ टिकणाऱ्या टोंचणीविषयीं हाच प्रश्न उभा राहिला. ती टोंचणी बहुवारिकाची नव्हती, तेलांतली होती. पण एकदां दिली कीं परत घेतां न येणें हा गुण दोहोंत सारखाच. ज्या बायांवर तिचा प्रयोग करावयाचा त्यांस हा प्रयोग आहे हें धड सांगितलेलें नाहीं, अशी तक्रार घेऊन हैदराबादची स्त्री शक्ती संघटना व इतर १९८६ सालीं सर्वोच्च न्यायालयांत गेल्या. शास्त्रज्ञ ज्याला औषधाचें ‘नियंत्रण’ म्हणतात तें नियंत्रण कोणाचें, असा त्यांच्या प्रश्नाचा मथितार्थ होता. विज्ञानाच्या विरोधाचा तो प्रश्न नव्हे. विज्ञानाला पुरा करणारा तो प्रश्न आहे.

आणि हा प्रश्न डहाणू-तलासरीच्या लोकांस परका नाहीं. वेठ व लग्नगडी या प्रथांखालीं येथल्या वारल्यांचें शरीर व श्रम पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या ताब्यांत होते. १९४५ सालीं तलासरीजवळच्या झरी गांवीं हजारों वारली जमले, व गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या साह्यानें त्यांनीं वेठीस नकार दिला. आपल्या देहावर आपली सत्ता असावी, ही गोष्ट त्यांस ग्रंथांतून शिकावी लागली नाहीं. उद्यां महिनाभर पुरणारी टोंचणी घेऊन कोणी त्यांच्या पाड्यावर जाईल, तेव्हां तिचे गुण, तिचे अपाय, आणि ती परत काढतां येते कीं नाहीं, हें त्यांच्या भाषेंत सांगून मगच त्यानें सुई उचलावी. चिकूच्या झाडालाही खाच पाडल्यावर विश्रांति देण्याची रीत होती. माणसाला निदान विचारण्याची तरी असावी.