नालंदेच्या दारी आलेले पाहुणे

परगावचा पाहुणा येणार असला म्हणजे आपण काय करतो? खोली झाडून घेतो, अंथरूण-पांघरूण काढून ठेवतो, त्याला तिखट चालते की नाही याची हळूच चौकशी करतो. विद्यापीठात परदेशचा विद्यार्थी येणार असला तरी मुळात हेच करावयाचे असते. फक्त कागद वाढतात. १९५० साली भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद स्थापन झाली. तिच्या शिष्यवृत्त्यांवर आशिया-आफ्रिकेतले किती तरी विद्यार्थी आपल्याकडे येऊन शिकून गेले, आणि पुण्यासारख्या गावाला तर या मंडळींची सवयच होऊन गेली. अशा प्रसंगी स्वागताच्या भाषणात नालंदेचे नाव हटकून निघते. ‘आमच्या नालंदेत चीन, कोरिया, सुमात्रा येथून विद्यार्थी येत’, असे वक्ते अभिमानाने सांगतात, टाळ्या पडतात, आणि तो विद्यार्थी आपल्या खोलीत पाणी किती वाजता येते हे कोणाला विचारावे या विवंचनेत बसलेला असतो.

मला आज त्या पाण्याविषयीच बोलावयाचे आहे. नालंदेची कीर्ती, तिथले वादविवाद, तिथला ग्रंथसंग्रह याबद्दल आपण शाळेपासून वाचीत आलो. पण माणूस हजारो कोस तुडवून दारी आला, तेव्हा त्याला नेमके काय मिळाले? राहावयाला कोठे, खावयाला काय, भाषेचे कसे, आणि हा सगळा खर्च कोणाच्या अंगावर? सुदैवाने दोन चिनी यात्रेकरूंमुळे या प्रश्नांची उत्तरे आपल्याला बरीचशी मिळतात. पहिला ह्युएन त्संग, दुसरा इत्सिंग. दोघांच्या येण्यात साधारण चाळीस वर्षांचे अंतर. पण दोघांचे अनुभव मात्र अगदी निरनिराळे.

ह्युएन त्संग इ. स. ६३७ च्या सुमारास नालंदेला पोचला. त्याच्या शिष्याने लिहिलेल्या चरित्रात हा प्रसंग मोठ्या तपशिलाने आला आहे. तो बोधगयेला असतानाच नालंदेहून चार ज्येष्ठ भिक्षू त्याला घ्यावयाला आले. वाटेत एका खेड्यात थोडी विश्रांती झाली, तोच दोनशे भिक्षू आणि हजारभर गावकरी छत्र्या, पताका, फुले नि धूप घेऊन सामोरे आले. विहारात शिरल्यावर त्याला मुख्य स्थविराच्या शेजारी आसन मिळाले. मग कर्मदान नावाच्या अधिकाऱ्याने घंटा वाजविली आणि जाहीर केले की, हा पाहुणा येथे असेपर्यंत विहारातल्या सर्व वस्तू इतर भिक्षूंप्रमाणे त्यालाही वापरावयास मोकळ्या आहेत. या घोषणेचे मला फार कौतुक वाटते. नव्या माणसाची खरी अडचण भांडे नसण्याची नसते. भांडे समोर असते, पण ते उचलू की नको हे त्याला कळत नाही. घंटा वाजवून सर्वांदेखत सांगितले की तो संकोच एका क्षणात संपतो.

पुढे वीस जणांची निवड झाली. वयाने पोक्त, नियमांचे जाणकार. त्यांनी पाहुण्याला वयोवृद्ध कुलगुरू शीलभद्राकडे नेले. ‘कोठून आलात?’ ‘चीन देशाहून, आपल्यापाशी योगशास्त्र शिकावे म्हणून.’ ही भेट झाल्यावर सात दिवस तो शीलभद्राच्या पुतण्याच्या, बुद्धभद्राच्या, घरी राहिला, आणि मग त्याला स्वतंत्र निवासस्थान मिळाले. आणि शिधा! रोज १२० तांबूल, २० सुपाऱ्या, २० जायफळे, थोडा कापूर, आणि एक माप महाशाली तांदूळ. महिन्याला तीन मापे तेल. लोणी वगैरे जरुरीप्रमाणे रोज. हा तांदूळ मगधातच पिके, दाणा टपोरा नि सुवासिक, आणि तो राजांना किंवा मोठ्या विद्वानांनाच मिळे. यादीतल्या पहिल्या जिनसेविषयी भाषांतरकारांत मतभेद आहे. एका जुन्या इंग्रजी भाषांतरकाराने तेथे जंबीर म्हणजे लिंबे असे वाचले. पण पाठोपाठ सुपारी, जायफळ आणि कापूर आल्यावर ही तयारी कशाची चालली आहे याबद्दल मराठी वाचकाला तरी शंका पडू नये. शिवाय दिमतीला एक सेवक आणि एक ब्राह्मण, विहारातल्या नेहमीच्या कामांतून सूट, आणि बाहेर जावयाचे तर हत्ती.

वसतिगृहाच्या समितीवर काही वर्षे काढलेल्या माणसाला ही यादी वाचताना पहिली शंका येते ती अशी, की हे सर्वांनाच मिळत होते काय? नाही. चरित्रकार स्वच्छ सांगतो की, नालंदेतल्या दहा हजार लोकांत असा मान असलेली माणसे ह्युएन त्संगाला धरून फक्त दहा होती. दहा हजार हा आकडा जरा मोठा वाटतो; इत्सिंग तीन हजारांवर अशी संख्या देतो. काही असो, हत्ती दहाच जणांना होता. इतरांना आधी दाराशी थांबावे लागे. ह्युएन त्संग स्वतःच लिहितो की, वादासाठी बाहेरून आलेल्यांना द्वारपाल अवघड प्रश्न घाली, आणि दहांतले सात-आठ जण तिथूनच माघारी वळत.

आता खर्चाची गोष्ट. राजाने शंभर गावांचे उत्पन्न विहाराला लावून दिले होते, आणि त्या गावांतली दोनशे घरे रोज तांदूळ, लोणी नि दूध पोचवीत; त्यामुळे विद्यार्थ्यांना अन्नवस्त्रासाठी कोणाकडे मागावे लागत नसे, असे चरित्रात म्हटले आहे. इत्सिंगाच्या वेळी गावे दोनशेच्या वर गेली होती. ज्याला आपण नालंदेचे आतिथ्य म्हणतो, ते असे रोज पहाटे मगधातल्या गोठ्यांतून आणि कोठारांतून निघत होते. शीलभद्राचे नाव आपल्याला ठाऊक आहे. त्या दोनशे घरांतले एकही नाव कोणी लिहून ठेवलेले नाही.

१९२१ साली हीरानंद शास्त्री यांना नालंदेच्या पहिल्या क्रमांकाच्या विहारात एक ताम्रपट सापडला. तो पाल राजा देवपाल याचा, नवव्या शतकातला. सुवर्णद्वीपाचा राजा बालपुत्रदेव याने नालंदेत एक विहार बांधला, आणि त्याच्या विनंतीवरून देवपालाने पाच गावे त्याला लावून दिली, असा त्यातला मजकूर. सुवर्णद्वीप म्हणजे सुमात्रेकडचा प्रदेश. गावे कशासाठी दिली हेही सांगितले आहे: पूजाअर्चेसाठी, चारी दिशांहून येणाऱ्या भिक्षूंच्या अन्नासाठी, वस्त्रांसाठी, अंथरुणासाठी, आजाऱ्यांच्या औषधासाठी, ग्रंथांच्या नकला करण्यासाठी, आणि पडझड झाली तर दुरुस्तीसाठी. अंथरूण, औषध, नकला, दुरुस्ती! ज्याने हा मजकूर सांगितला त्याने परदेशी माणसाचे हाल जवळून पाहिलेले असले पाहिजेत. इमारतीला पैसे देणारे पुष्कळ भेटतात. गळक्या छपराची आगाऊ तरतूद करणारा क्वचित.

परदेशच्या राजाने आपल्या माणसांची अडचण ओळखून भारतात निवास बांधावा, ही कल्पना त्याहूनही जुनी आहे. चौथ्या शतकात सिंहलद्वीपचे दोन भिक्षू बोधगयेला गेले, आणि परत येऊन त्यांनी आपल्या राजाकडे, मेघवर्णाकडे, तक्रार केली की तिकडे धड राहावयाला जागा मिळाली नाही. मेघवर्णाने समुद्रगुप्ताकडे नजराणे पाठविले, परवानगी मागितली आणि बोधगयेला सिंहली भिक्षूंसाठी विहार बांधला. ही हकीकत एका चिनी राजदूताने टिपून ठेवली म्हणून आपल्याला कळते. दोन माणसांच्या कुरकुरीतून एक वसतिगृह उभे राहिले, असेच म्हणाना.

चीनच्या विद्यार्थ्यांना मात्र तसे घर नव्हते, आणि ही बोच इत्सिंगाच्या मनात सतत होती. तो लिहितो की, सिंहलाचा विहार आहे, उत्तरेकडच्या तुखारांचा आहे, कपिशेचा आहे, दक्षिणेचाही आहे. नाही तो फक्त चीनचा, आणि त्यामुळे आमची माणसे दारोदार होतात. एकेकाळी होता, असेही तो सांगतो. श्रीगुप्त नावाच्या राजाने विसेक चिनी भिक्षूंसाठी गंगेच्या खालच्या अंगाला एक विहार बांधून चोवीस गावे त्याला तोडून दिली होती. इत्सिंगाच्या काळी तेथे विटांचा पाया तेवढा उरला होता. जमीन पूर्वेच्या देववर्मा राजाकडे गेली होती. आणि तो राजा म्हणे की, चीनहून भिक्षू आले तर मी विहार पुन्हा बांधीन, गावेही परत देईन.

तेव्हा इत्सिंगाला आपली तयारी आपणच करावी लागली, आणि ती त्याने कशी केली हे बघण्यासारखे आहे. इ. स. ६७१ मध्ये तो कँटनहून एका इराणी जहाजाने निघाला आणि वीस दिवसांच्या आत सुमात्रेतल्या श्रीविजयाला उतरला. तिथे सहा महिने राहून संस्कृत व्याकरणाचा पाया घातला. तिथून पुढे निघून इ. स. ६७३ मध्ये बंगालच्या किनाऱ्यावर ताम्रलिप्तीला पोचला. तेथे आणखी एक वर्ष भाषेसाठी दिले. म्हणजे नालंदेचे दार दिसण्याआधी दीड वर्ष नुसते बोलावयाला नि वाचावयाला शिकण्यात गेले! पुढे तो आपल्या देशबांधवांना बजावतो की, भारतात शिकावयाला जाणाऱ्याने आधी व्याकरण पक्के करावे, नाहीतर सगळे श्रम फुकट. आणि श्रीविजयात हजारावर भिक्षू आहेत, तिथले नियम भारतासारखेच आहेत, तेव्हा एक-दोन वर्षे तिथे काढून मगच पुढे जावे. परदेशी विद्यार्थ्यासाठी भाषेचे पूर्वतयारीचे वर्ष असावे ही सूचना आज एखाद्या समितीने केली तर आपण तिला आधुनिक म्हणू. इत्सिंगाच्या नावावर हजार शब्दांचा एक संस्कृत-चिनी शब्दसंग्रहही आहे. स्वर्ग, पृथ्वी, सूर्य, चंद्र अशी त्याची सुरुवात होते.

ताम्रलिप्तीहून नालंदेची वाट मात्र त्याला फार कठीण गेली. शेकडो व्यापाऱ्यांचा तांडा बरोबर होता, पण इत्सिंग तापाने फणफणला आणि मागे पडला. चोरांनी गाठून अंगावरचे कपडेदेखील काढून घेतले. गोऱ्या कातडीचा माणूस सापडला तर इकडे बळी देतात, असे त्याने ऐकले होते. म्हणून चिखल फासून नि पाने गुंडाळून तो रात्री कसाबसा सोबत्यांपर्यंत पोचला. त्याच्यासाठी कोणी पताका धरून उभे नव्हते.

आणि तरीही विहारांतल्या आदरातिथ्याचे सर्वांत बारीक वर्णन याच माणसाने केले आहे. नवखा कोणीही आला, लहान असो की मोठा, की यजमानाने पुढे होऊन ‘स्वागत’ म्हणावयाचे. न म्हणणे हा नियमभंग. मग त्याचे पाण्याचे भांडे नि पात्र आपण घेऊन खुंटीला लावावयाचे, बसावयास द्यावयाचे, दमला असेल तर हातपाय चेपावयाचे, तूप-मध-साखरेसारखे काही देऊन त्याला हुशारी आणावयाची. विचारपूस मागाहून. आपण दारावर लावतो तो शब्द हाच. पण त्याच्या पाठोपाठ पाहुण्याच्या हातातले भांडे उतरवून घ्यावयाचे असते, हे आपण सोयीस्कर विसरलो आहो!

नालंदेत तो सुमारे दहा वर्षे राहिला. मागाहून येणाऱ्यांना उपयोगी पडावे म्हणून त्याने काय काय टिपले पाहा. पाण्याचे गाळणे बरोबर हवेच. त्यावाचून प्रवास करू नये. जेवावयाला सारवलेल्या जमिनीवर बुटकी आसने हातहातभर अंतरावर मांडतात. मांडी घालून बसत नाहीत, पाय जमिनीला टेकतात. कच्ची भाजी नि कच्ची मासळी इकडे कोणी खात नाही. दातवण रोज. नालंदेजवळ दहाच्या वर मोठी तळी आहेत, सकाळी घंटा झाली की कधी शंभर, कधी हजार भिक्षू स्नानाचे वस्त्र घेऊन एकदम निघतात. खोल्यांची वाटणी दरवर्षी पावसाळ्याच्या मुक्कामाआधी संघाच्या सभेत होते, ज्येष्ठांना चांगल्या खोल्या आधी. (हा शेवटचा नियम आमच्या वसतिगृहांत अजून निराळ्या रूपाने चालू आहे.) ग्रंथ लिहिताना त्याचा हेतू आपल्या देशातल्या भिक्षूंचे आचार सुधारावेत हा होता, त्यामुळे तो भारतातल्या व्यवस्थेचे जरा जास्तच गोडवे गातो हे ध्यानात ठेवावे. पण गाळण्याबद्दल नि आसनाबद्दल खोटे सांगण्यात त्याचा काय फायदा?

इ. स. ६८५ च्या सुमारास चारशेच्या आसपास ग्रंथ घेऊन तो परत निघाला, आणि श्रीविजयात बसून भाषांतरे करू लागला. कागद, शाई नि लेखनिक मागविण्यासाठी तो एकदा बंदरात उभ्या जहाजावर चिठ्ठी द्यावयास चढला. तेवढ्यात वारा सुटला, जहाज हाकारले गेले आणि इत्सिंग चिठ्ठीसकट कँटनला पोचला! चार मदतनीस घेऊन तो त्याच वर्षी पुन्हा श्रीविजयाला आला.

मायदेशी परतण्यापूर्वी त्याने आणखी एक पुस्तक लिहिले. त्याच्या शतकात भारताकडे निघालेल्या पन्नासहून अधिक भिक्षूंची ती छोटी छोटी चरित्रे. कोणी समुद्रात बुडाले, कोणी वाटेत आजाराने गेले, कोणी पोचले पण परतले नाहीत. त्यांत कोरियाचा एक जण आहे, चिनी उच्चाराप्रमाणे हुइ-ये. नालंदेतले चिनी ग्रंथ चाळताना इत्सिंगाला एका पोथीवर ओळ दिसली, की दातवणाच्या झाडाखाली कोरियाच्या हुइ-येने हे लिहिले. हा कोण, म्हणून त्याने विहारात चौकशी केली. भिक्षूंनी सांगितले की, तो येथेच वारला, वय साठीच्या आसपास असेल. त्याने उतरून घेतलेल्या संस्कृत पोथ्या अजून नालंदेतच होत्या.